'यादीत नाव नाही' म्हणण्याआधी

आपल्या वस्त्यांमध्ये आता प्रत्येक कामाची एक एक्सेल शीट असते. शिष्यवृत्तीचे अर्ज, रक्तदात्यांची यादी, रमजानमधले रेशन किट, सामुदायिक विवाहाची नोंदणी, आणि निवडणूक जवळ आली की प्रभागाची मतदार यादी. पूर्वी हे सगळे वहीत असायचे. वहीत नाव शोधणारे चाचा चष्मा सरकवत, ओळींवरून बोट फिरवत पाने उलटायचे. 'सलीम इस्माईल शेख' दिसला नाही तरी त्यांचे बोट 'शेख सलिम इस्माइल'पाशी थांबायचे आणि ते मान वर करून विचारायचे, "यही है क्या?" एक्सेल असे विचारत नाही. तुम्ही लिहिलेले अक्षर न् अक्षर जुळले तर दाखवते, नाही तर गप्प बसते. आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ लॅपटॉपपुढचा मुलगा किंवा मुलगी समोरच्या माणसाला सांगते: "तुमचं नाव नाही."

मी आमच्या भागातल्या एका मदत केंद्रावर रविवारी बसते. तिथे ऐकलेल्या वाक्यांपैकी हे वाक्य मला सर्वांत जास्त खुपते, कारण ते बहुतेक वेळा खरे नसते. नाव असते. सापडलेले नसते. 'सापडले नाही' आणि 'नाही' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते अंतर शीटमध्ये स्पष्ट दिसले पाहिजे. ते दिसावे यासाठीचे कष्ट शीट बनवणाऱ्याने घ्यायचे, शोधणाऱ्याने नव्हे. या लेखात मला एवढेच सांगायचे आहे. बाकीचा लेख हे का होते आणि त्यावर आपण तरुण मुले-मुली काय करू शकतो, याबद्दल.

मागच्या वर्षी एका योजनेची लाभार्थी यादी एका कार्यालयातून एक्सेलमध्ये आली. एक खाला तीन वेळा तिथे जाऊन आली होती, तिन्ही वेळा 'नाव नाही' हेच उत्तर. चौथ्यांदा ती आमच्याकडे आली. तिचे नाव यादीत होते. फक्त आडनावाचा रकाना रिकामा होता, नावाला 'बी' जोडून लिहिले होते आणि नवऱ्याच्या नावातला 'अब्दुल' गळला होता. कार्यालयातल्या माणसाने मुद्दाम काही केले असे मी म्हणणार नाही. त्याने तिचे पूर्ण नाव टाइप केले, एंटर दाबले आणि पडद्यावर जे आले ते वाचून दाखवले. त्याच्या हातात साधनच तसे होते. पण तीन चकरा, तीन दिवसांची मजुरी आणि रिक्षाचे भाडे गेले ते खालाचे.

स्प्रेडशीट मुळात नावे शोधण्यासाठी बनलेलीच नाही, हे आधी लक्षात घेऊ या. 1979 साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी 'व्हिसिकॅल्क' बाजारात आणले, ते हिशेबाची खतावणी पडद्यावर यावी म्हणून. एक आकडा बदलला की खालची बेरीज आपोआप बदलते, ही त्याची जादू होती. 1985 मध्ये आलेले एक्सेल त्याच घराण्यातले. आकड्याच्या जगात 500 म्हणजे 500च. त्याचे स्पेलिंग दोन प्रकारे होत नाही. माणसाच्या नावाचे तसे नाही, आणि आपल्या नावांचे तर मुळीच नाही.

एकच नाव घ्या. महंमद, मोहम्मद, मुहम्मद, महम्मद, मोहंमद, मोहमद. ही सगळी रूपे मी एकाच प्रभागाच्या यादीत पाहिली आहेत, शिवाय नुसते 'मो.' वेगळे. सय्यद, सैयद, सैय्यद. रफिक आणि रफीक. हुसेन आणि हुसैन. काझी आणि काजी. जाकीर, झाकीर आणि कुणी हौसेने नुक्ता देऊन लिहिलेले तिसरेच. मराठी शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी येते, आधार कार्डावर शेवटी, आणि मतदार यादीत कसेही. बायकांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो: शाळेत बापाचे नाव, लग्नानंतर नवऱ्याचे, मागे कधी बी, कधी बेगम, कधी खातून, आणि आडनाव मुळी नाहीच असेही. तांबोळी, बागवान, मुलाणी, मणियार, शिकलगार अशी धंद्यावरून आलेली आडनावे असणारे कुणी एका कागदावर 'मणियार' असतात आणि दुसऱ्यावर 'शेख'. एका घरात दोन भावांची आडनावे वेगळी असल्याची उदाहरणे तुमच्याही ओळखीत असतील.

यात भर लिपीची. कार्यालयाची यादी देवनागरीत, मोबाइलवर भरलेला गुगल फॉर्म रोमनमध्ये, आणि मशिदीतल्या निकाहनाम्याची नोंद उर्दूत. जुन्या कार्यालयीन याद्या श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेव अशा फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. डोळ्यांना ती मराठी दिसते, पण आत संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची व चिन्हांची रांग असते. फाँट बदलून पाहा, लगेच कळते. अशा शीटमध्ये तुम्ही मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून 'पठाण' लिहून शोधलेत तर शंभर पठाण असूनही एकही सापडणार नाही. नुक्त्याचे अक्षरही युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येते: एकच जोडलेला संकेतांक, किंवा मूळ अक्षर आणि पुढे वेगळा नुक्ता. पडद्यावर दोन्ही सारखेच. उर्दूतला काफ आणि अरबी कीबोर्डवरचा काफ यांचेही तेच. नव्याने संगणक हाताळणाऱ्याला हे कसे कळावे? आणि का कळावे?

आता शोधण्याच्या साधनांकडे येऊ. 'कंट्रोल' आणि 'एफ' हे बहुतेकांना माहीत असते, आणि ते पुरेसे आहे असे वाटते. पण एक्सेलमध्ये ही खिडकी मुळात समोर उघडलेल्या एकाच शीटमध्ये शोधते; खाली दुसऱ्या टॅबवर असलेले नाव तिला दिसत नाही. तुमच्या आधी बसलेल्याने फिल्टर लावून ठेवला असेल तर त्यात लपलेल्या ओळी शोधात येत नाहीत. काही सेल आधीपासून निवडलेले असतील तर शोध तेवढ्यातच फिरतो. आणि कुणी 'पूर्ण सेल जुळला पाहिजे' ही खूण करून ठेवली असेल तर ती एक्सेल बंद होईपर्यंत तशीच राहते. चारही वेळा पडद्यावर येणारे उत्तर एकच: सापडले नाही. कारण मात्र दर वेळी वेगळे.

ज्यांना थोडे जास्त येते ते व्हीलुकअप लावतात. मला या फॉर्म्युल्याचा राग आहे, आणि तो लपवायचे मला कारण दिसत नाही. तो निवडलेल्या भागातल्या पहिल्याच रकान्यात शोधतो. त्याचा चौथा भाग लिहायचा राहिला तर तो 'साधारण जुळणारे' शोधतो, आणि यादी क्रमाने लावलेली नसेल तर बिनदिक्कत भलत्याच माणसाची माहिती समोर ठेवतो. एका नावाचे पाच जण असतील तर पहिला दाखवून थांबतो. आता सांगा, ज्या वस्तीत 'शेख सलीम' नावाचे पाच जण एका गल्लीत राहतात, तिथे पहिल्यावर थांबणारे साधन काय कामाचे?

त्याहून वाईट म्हणजे आपण त्यावर घालतो तो मुलामा. व्हीलुकअपला काही सापडले नाही की तो 'एन-ए' अशी चूक दाखवतो. ते ओंगळ दिसते म्हणून एखादा हुशार कार्यकर्ता त्याच्या बाहेर इफएरर गुंडाळतो आणि लिहितो, 'यादीत नाव नाही'. झाले! आता नावात एक जागा जास्त पडली असो, रकाना चुकला असो की फॉर्म्युलाच तुटला असो, प्रत्येक बिघाड पडद्यावर निकाल बनून येतो, तोही शुद्ध मराठीत, लाल अक्षरांत. संगणकाची चूक माणसाची अनुपस्थिती ठरते. एन-एची ती कुरूप खूण बरी म्हणायची, ती निदान शंका तरी निर्माण करते.

आणखी एक गोष्ट. फॉर्म्युला लिहिताना यादीत 500 ओळी होत्या म्हणून 500पर्यंतचीच हद्द दिली. नंतर शेवटच्या दिवशी रांगेत उभे राहून नाव दिलेल्या दोनशे लोकांच्या ओळी खाली वाढल्या. त्यांची नावे शीटमध्ये आहेत, शोधात नाहीत. अशी गफलत मोठमोठ्या ठिकाणीही होते. 2020च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून 15,841 कोविड रुग्ण काही दिवस गायब राहिले, कारण जुन्या एक्सेल फाइलमध्ये 65,536च्या वर ओळी मावत नाहीत आणि पुढच्या ओळी गळून पडल्या. कुणालाही धोक्याची घंटा ऐकू आली नाही.

मग काय करायचे? यासाठी प्रोग्रामर असण्याची गरज नाही. बारावीला संगणक घेतलेला कुणीही हे करू शकेल.

मला सर्वांत उपयोगी वाटलेली युक्ती अशी. मूळ नावाला हात लावायचा नाही. त्याच्या शेजारी एक जादा रकाना करायचा आणि त्यात नावाचा नुसता सांगाडा ठेवायचा. म्हणजे काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, हलन्त, नुक्ते आणि मधल्या मोकळ्या जागा काढून टाकायच्या, 'झ'चा 'ज' करायचा, आणि एकापाठोपाठ दोनदा आलेले अक्षर एकदाच ठेवायचे. एक्सेल आणि गुगल शीट्स दोन्हींत यासाठी 'सब्स्टिट्यूट' हा फॉर्म्युला आहे; तो एकात एक गुंफत जायचा. कंटाळवाणे काम आहे, पण एकदाच करायचे. आता वरची सगळी रूपे तपासा: महंमद, मोहम्मद, मुहम्मद, मोहमद, सगळ्यांचा सांगाडा 'महमद'. सय्यद, सैयद, सैय्यद, सगळे 'सयद'. काझी आणि काजी दोन्ही 'कज'. शोधणाऱ्याने काहीही लिहिले तरी त्याचाही असाच सांगाडा करून या रकान्यात शोधायचा. ह्रस्व-दीर्घाची परीक्षा संपली. उर्दू लिपीतही ह्रस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, तरी वाचणारा नाव ओळखतोच. तोच हा मार्ग आहे म्हणा.

अर्थात यात गल्लत होणार. 'महमूद'चा सांगाडाही 'महमद'च. 'हसन' आणि 'हुसेन' दोघेही 'हसन' होतात, म्हणजे दोन सख्खे भाऊ यंत्राच्या लेखी एक. म्हणून यंत्राला निवडायला लावायचेच नाही. जुळणारी सगळी नावे त्याने खाली दाखवावीत, मूळ यादीत आहेत तशी, सोबत वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि भाग. 'यही है क्या?' हे विचारण्याचे काम माणसाकडे परत येते. पाच नावे जास्त दिसली तर बिघडत नाही; एक नाव दिसायचे राहिले तर बिघडते.

ही कल्पना काही माझी नाही. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी 1918 साली 'साउंडेक्स' या पद्धतीचे पेटंट घेतले होते. पहिले अक्षर ठेवायचे, स्वर काढायचे, सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच अंक द्यायचा. नाना देशांतून आलेल्यांची आडनावे जनगणनेच्या कागदांत शोधायला ती वापरली गेली. रोमनमधल्या 'सय्यद'ची बहुतेक स्पेलिंगे तिच्यात एस-300 या एकाच खुणेखाली येतात. 'कुरेशी' मात्र फसतो: के पासून लिहिला तर के-620, क्यू पासून लिहिला तर क्यू-620. इंग्रजी आडनावांसाठी बेतलेले साधन आपल्या नावांवर असे कुठेतरी उसवतेच. आपल्या नावांची खोच आपल्यालाच ठाऊक, तेव्हा शिवणही आपणच घालायला हवी.

जुळणारी सगळी नावे दाखवण्यासाठी 'फिल्टर' हा फॉर्म्युला सोयीचा. तो गुगल शीट्समध्ये, मायक्रोसॉफ्ट 365मध्ये आणि एक्सेल 2021मध्ये आहे. सायबर कॅफेतल्या जुन्या संगणकावर एक्सेल 2016 असेल तर तो चालणार नाही, तिथे सांगाड्याच्या रकान्यावर साधा ऑटोफिल्टर लावून काम भागवावे. मोबाइल नंबर, खाते क्रमांक यांचे रकाने आधीच 'टेक्स्ट' करून ठेवावेत. एक्सेल 15 आकड्यांपुढचे अंक धरत नाही, त्यांच्या जागी शून्ये टाकते. 16 अंकी खाते क्रमांक असेल तर शेवटचा अंक गेलाच म्हणून समजा. आणि वेबसाइटवरून उचललेल्या नावामागे एक अदृश्य जागा चिकटून येते, ती 'ट्रिम'ने निघत नाही, वेगळी काढावी लागते.

पडद्यावर काय दिसावे, हे मला फॉर्म्युल्यांहून महत्त्वाचे वाटते. पहिल्या शीटवर एकच पिवळा सेल असावा, मोठ्या अक्षरांत: 'इथे नाव लिहा. अर्धे लिहिले तरी चालेल.' दुसरे काही नको. बाकीचे सेल कुलूपबंद. काहीच जुळले नाही तर उत्तर असे असावे: 'या अक्षरांनी नाव सापडले नाही. वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाने शोधून पाहा. तरीही न दिसल्यास मूळ छापील यादी पाहू.' वाक्य लांबले तरी चालेल. 'नाव नाही' हे शब्द शीटमध्ये कुठेही असू नयेत. यादी कोणत्या तारखेची आहे आणि तिच्यात किती नावे आहेत, तेही वर दिसावे, म्हणजे ओळी गळाल्या असतील तर कळेल.

शीट तयार झाली की ती आपल्यासारख्यांना दाखवू नका. आपण तिच्यातले खड्डे न बघताच ओलांडतो. घरातल्या अशा कुणाला बसवा ज्यांनी कधी शीट उघडलेली नाही. अम्मी, दुकानावरचे मामू, दहावीतली बहीण. त्यांना एक नाव द्या आणि आपले हात मागे बांधा. बोलायचे नाही, माउसला हात लावायचा नाही. त्या कुठे थांबतात, कुठे घाबरतात, कोणता शब्द दोनदा वाचतात ते टिपून घ्या. 'सर्च' या शब्दापाशी कुणी अडत नाही, 'क्वेरी'पाशी सगळे अडतात. लिहून झाल्यावर एंटर दाबायचे असते हे कुठे लिहिलेलेच नसते. अर्ध्या तासात शीटची दहा दुखणी कळतात.

बहुतेक जण शीट मोबाइलवर उघडतात, त्याचाही विचार हवा. गुगल शीट फक्त पाहण्यापुरती दिली तर त्या पिवळ्या सेलमध्ये लिहिताच येत नाही. लिहिण्याची परवानगी दिली तर दोघे एकाच वेळी त्याच सेलमध्ये लिहितात आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला दिसते, शिवाय कुणाच्या अंगठ्याने एखादी ओळ पुसली जाते ती वेगळीच. म्हणून केंद्रावरच्या प्रत्येक कार्यकर्त्याकडे स्वतंत्र प्रत असावी, आणि मूळ यादी एकाच जबाबदार व्यक्तीकडे.

इथे एक भीती आहे आणि ती मी हलक्यात घेत नाही. शोधायला सोपी केलेली यादी सगळ्यांनाच सोपी होते. आपल्या लोकांच्या नाव-पत्ता-मोबाइलच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरताना मी पाहते तेव्हा पोटात गोळा येतो. नावावरून धर्म कळतो, पत्त्यावरून घर. दंगली पाहिलेल्या शहरांत याचा अर्थ काय, हे समजावून सांगायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला, 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदाही आला. पण आपल्या ग्रुपचा अ‍ॅडमिन तो वाचून फाइल पुढे ढकलत नाही. त्यामुळे शोधाच्या शीटमध्ये फक्त शोधापुरती माहिती ठेवावी: नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, भाग, यादीतला क्रमांक. मोबाइल आणि आधारचे रकाने लपवून नव्हे, काढूनच टाकावेत. लपवलेला रकाना उलगडायला दोन क्लिक पुरतात आणि शीटचे कुलूप म्हणजे तिजोरीचे कुलूप नव्हे. आणखी एक बारीक गोष्ट: शोधाचा सेल रिकामा असला की वर सांगितलेला फॉर्म्युला अख्खी यादी दाखवतो. किमान तीन अक्षरे लिहिल्याशिवाय काहीच दिसू नये, अशी अट घालावी. याद्या चॅटबॉटमध्ये टाकून 'नाव शोधून दे' म्हणणाऱ्या मित्रांनाही हेच सांगणे.

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, लोकांनाच संगणक शिकवा. शिकवू या, जरूर. पण खालाला उद्या तिचे नाव हवे आहे आणि शिकायला सहा महिने लागतील. आणि खरे सांगायचे तर आपल्यातल्या काहींना हे अवघडच राहिलेले आवडते. शीट ज्याला उघडता येते तो मोहल्ल्यात मोठा ठरतो. लोक त्याच्या दाराशी येतात. असे छोटे नगरसेवक मी पाहिले आहेत, आणि त्यांतले काही अजून विशीतही पोहोचलेले नाहीत.

हा प्रश्न आपल्या गल्लीपुरता नाही. आसाममध्ये एनआरसीच्या वेळी 1951ची नोंदवही आणि 24 मार्च 1971पर्यंतच्या मतदार याद्या संगणकावर आणल्या गेल्या, आणि लोकांनी त्यांत आपल्या बापजाद्यांचे नाव शोधायचे होते. दशकांपूर्वी कुणा कारकुनाने कानाला लागले तसे लिहिलेले नाव. 31 ऑगस्ट 2019च्या अंतिम यादीतून 19,06,657 जण बाहेर राहिले, त्यांत मुसलमान होते तसे हिंदूही होते. सगळेच काही शोधाच्या अडचणीमुळे वगळले गेले नाहीत. पण एका वेलांटीची किंमत किती असू शकते, हे त्या वर्षांत देशाने पाहिले.

मतदार यादीचेही बघा. शोधता येईल अशा स्वरूपात यादी मिळावी ही मागणी कमलनाथ आणि सचिन पायलट यांनी मध्य प्रदेश व राजस्थानच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयात नेली होती. ऑक्टोबर 2018मध्ये ती फेटाळली गेली. बिहारमध्ये 2025 साली विशेष पुनरीक्षण झाले, प्रारूप यादीतून सुमारे 65 लाख नावे वगळली गेली, तेव्हा मात्र 14 ऑगस्टला त्याच न्यायालयाने आयोगाला सांगितले की वगळलेल्यांची यादी कारणांसह प्रसिद्ध करा आणि ती मतदार ओळखपत्राच्या क्रमांकाने शोधता आली पाहिजे. त्या आदेशातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग हाच. नुसती यादी भिंतीवर लावली की काम संपत नाही. तिच्यात मला मी सापडलो पाहिजे, हे न्यायालयाच्या तोंडून आले. क्रमांकाने शोधल्यास स्पेलिंगचा घोळही टळतो. पण ज्याचे कार्ड पुरात वाहून गेले किंवा घर बदलताना हरवले, त्याच्याकडे शेवटी नावच उरते, आणि नावाने शोधायचे म्हटले की सगळे घोडे पुन्हा तिथेच पेंड खाते.

म्हणून आपण प्रशासनाकडे मागणी करायचीच: याद्या युनिकोडमध्ये द्या, नावाने शोधताना ह्रस्व-दीर्घ सैल सोडा, एकाहून अधिक नावे दाखवा. पण त्या मागणीच्या उत्तराची वाट पाहत बसायचे नाही. आपल्या प्रभागाची छापील यादी उपलब्ध असते. सात-आठ जणांनी मिळून ती चार-पाच रविवारी टाइप केली, सांगाड्याचा रकाना जोडला, दोन घरच्या माणसांवर तपासली, तर पुढच्या पुनरीक्षणाच्या वेळी आपल्या केंद्रावर येणाऱ्याला दोन मिनिटांत उत्तर मिळेल. नाव खरोखरच नसेल तर नमुना 6, चुकले असेल तर नमुना 8, आणि कुणी ते काढायला नमुना 7 भरला असेल तर त्यावरची सुनावणी. या प्रत्येकासाठी दिवस मोजके असतात. हरकतींची मुदत सुरू झाल्यावर शीट बनवायला बसलो तर ती पूर्ण होईपर्यंत मुदत संपलेली असेल. टायपिंगला कोण कोण येणार, ते या रविवारीच ठरवा.